मॅडमचे ट्रक आणि थिनरचं फडकं

समोरच्या काटेवाल्या अप्पांनी मला त्या रविवारी हात दिला. काय झालं ते पुढं सांगतेच, पण त्यांचं आधी सांगायला हवं. माझी चूक सांगायला घेतली की तीच सगळी जागा खाते आणि मदत करणारा माणूस बाजूला राहतो. अप्पा आमच्या दुकानासमोर वजनकाटे दुरुस्त करतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि सदऱ्याच्या खिशात काळं पडलेलं भिंग. आता सगळ्यांकडं बॅटरीचे काटे आलेत, त्यामुळं दांडीचा काटा घेऊन त्यांच्याकडं येणारं गिऱ्हाईक महिन्यात एखादं. तरी रोज सकाळी ते उंबरा धुतात, शटर वर करतात आणि गल्लीत कोण कोणत्या तोंडानं चाललंय ते बघत बसतात. त्या दिवशी त्यांनी माझं तोंड बघितलं, म्हणून पुढचं झालं.

मी मूळची चंदगडकडची. आमचे हे तिकडं साखर कारखान्यावर गाळपाच्या हंगामात फिटर म्हणून आले होते, त्यातून लग्न जमलं आणि मी जिंतूरला आले. माहेर इतकं लांब की जायचं म्हटलं तर एसट्या बदलत एक दिवस आणि वर एक रात्र जाते. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे धाकट्या भावंडांना बघायला घरात कुणी नव्हतं, म्हणून सोडली. तेव्हापासून एक भीती अंगाला चिकटली आहे. समोरच्याला माहीत आहे आणि मला नाही, आणि हे आता उघडं पडणार, अशी. बँकेत स्लिप भरताना, मुलीच्या शाळेत सही करताना, दवाखान्यात नाव सांगताना सुद्धा ती येते. आणि या भीतीचा उलटाच परिणाम होतो. मला नाही म्हणता येत नाही. विचारताही येत नाही. मी हो म्हणते आणि मग एकटी घाबरत बसते.

आमचं दुकान वेल्डिंगचं आणि यंत्रदुरुस्तीचं. पेरणीयंत्र, मळणीयंत्र, पाण्याच्या मोटारी. हे जोडतात, मी खोलते आणि धुते. डिझेलच्या घमेल्यात बुडवायचं, ब्रशनं घासायचं, वाळवून ताटात मांडायचं. बारा वर्षं हेच करतेय. ह्यांनी मला शिकवलेला पहिला धडा असा, की मशीन खोलायच्या आधी दोन भागांवर पंच मारायचा. पहिल्या जोडाला एक ठिपका, दुसऱ्याला दोन. मग ते डिझेलमध्ये आठ दिवस पडलं तरी ठिपका जात नाही, आणि कुठलं कुठं बसतं ते आंधळ्यालाही कळतं.

सोयाबीनची रास चालू होती. दसरा होऊन चारच दिवस झालेले. आमचे हे मळणीयंत्र घेऊन पालमकडं गेले होते, आठ-दहा दिवस येणार नव्हते. गुरुवारी दुपारी बँकेतल्या मॅडम आल्या.

या मॅडम बदली होऊन वर्षभरापूर्वी इथं आल्या होत्या. एकट्या राहायच्या. साऱ्या गावाला त्या माहीत झाल्या होत्या त्या बँकेमुळं नव्हे. रविवारी सकाळी डोक्याला हेल्मेट, गुडघ्याला ढाली बांधून त्या गावाबाहेरच्या टेकडीवर जायच्या आणि नव्या डांबरी रस्त्यावरून चाकाच्या फळीवर उभ्या राहून खाली यायच्या. वाटेत ओळीनं छोटे छोटे नारिंगी सुळके मांडलेले, त्यांच्यामधून सापासारखं वळत. एकही पाडायचा नाही आणि वेळ कमीत कमी लावायचा, असा तो खेळ. त्याला स्लॅलम म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणायचा, "बँकेत पगार व्हायना का काय, मॅडम फळीवर हिंडायलेत!" आणि मॅडम एकदा त्याच्याकडं चहा पिता पिता म्हणाल्या होत्या, "मामा, पेट्रोलचा भाव बघता ना? या, शिकवते." तेव्हापासून तो त्यांच्या तोंडावर काही बोलत नव्हता.

त्यांनी मऊ फडक्यातून दोन वस्तू काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"हे माझे ट्रक."

मी रस्त्याकडं बघितलं. त्या हसल्या. वाईट नाही हसल्या. "फळीच्या खाली चाकं ज्याच्यावर बसतात ना, त्याला ट्रक म्हणतात. एक पुढं, एक मागं. आपण ज्या अंगाला कलतो त्या अंगाला हे चाकं वळवतात."

मी एक उचलून बघितला. काळसर रंगाचं ॲल्युमिनियम, पण असं घडवलेलं की कुठं कोपरा टोचत नव्हता. वजनाला हलका, आणि हातात धरला की दोन्ही अंगांना सारखा झुकायचा. आमच्याकडं येणारं सगळं ओतीव, खरबरीत, धुराचं. असलं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"दुकानात मिळतात त्यांचा कोन ठरलेला असतो," मॅडम म्हणाल्या. "यांचा बदलता येतो. ज्यानं हे बनवले तो परदेशातला एकटा माणूस. आपल्या वर्कशॉपमध्ये एक एक जोडी करायचा. आता त्यानं बंद केलंय. जगात ज्यांच्याकडं आहेत त्यांच्याकडं आहेत, बस. मला हा खेळ शिकवणाऱ्या सरांनी दिले."

झालं होतं असं, की मागच्या रविवारी ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर काळी माती आणून टाकली होती. त्यात पाऊस. मॅडम त्यातून गेल्या, ती माती ट्रकच्या सांध्यात भरली, मग वाळून विटेसारखी झाली. एक बोल्ट पार बसला होता. त्यांच्याच्यानं हलत नव्हता.

"साहेब नाहीत?"

"पालमला गेलेत. मी करते की."

"नक्की?"

"हो."

"रविवारी सकाळी सात वाजता नेते. महिन्याभरात स्पर्धा आहे माझी."

एवढंच बोलणं झालं. त्यांना वाटलं सांगण्यासारखं काही नाही. मला वाटलं विचारण्यासारखं काही नाही.

शुक्रवारी मी दोन्ही घमेल्यात टाकले. तासाभरानं ब्रश फिरवला, माती निघाली, बोल्टला तेल सोडून हळूहळू पाना लावला तर तो कुरकुरत सुटला. मला इतका आनंद झाला की मी बाकीचंही खोलून काढलं. अर्धवट धुवायची मला सवयच नाही. खोलायच्या आधी पंचाचे ठिपके शोधले, दिसले नाहीत. म्हटलं, सारख्या जोड्या असतील, पेरणीयंत्राच्या चाकांसारख्या, इकडचं तिकडं चालत असेल. असल्या देखण्या वस्तूवर पंच मारायचा धीर झाला नाही. सगळं एकाच ताटात मांडलं.

दोन्ही ट्रकच्या पाट्यांवर, म्हणजे फळीला टेकणाऱ्या चपट्या भागांवर, पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघा होत्या. बोल्टाशेजारी एक एक, आणि एकीच्या बाजूला ठिपका.

आता हे ज्याला आमचं काम माहीत नाही त्याला खरं वाटणार नाही. खंडेनवमीला घरोघरी यंत्रांची पूजा होते. मोटारीपासून विळ्यापर्यंत सगळ्याला हळद, कुंकू, गंध लागतं, कुणी चुन्याची बोटं ओढतं. त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्याकडं जे येतं ते पूजेचं रंगलेलं येतं, आणि मी ते थिनरच्या फडक्यानं पुसून काढते, नाहीतर ते ग्रीसमध्ये मिसळून चिकटतं. त्या आठवड्यात मी निदान वीस वस्तू तशा पुसल्या होत्या. मला त्या रेघा बघून बरंच वाटलं. एवढ्या शिकलेल्या मॅडम, पण पूजा करतात, असं मनात आलं. आणि फडकं फिरवलं. एकदा नाही निघाल्या, म्हणून दुसऱ्यांदा दाबून फिरवलं.

जोडायला घेतलं तेव्हा हात थांबला. पाटीत वाकडी खाच होती आणि बोल्ट त्या खाचेत हवा तिथं सरकत होता. या टोकाला आवळला तरी बसतो, त्या टोकाला आवळला तरी बसतो. मॅडमचं वाक्य तेव्हा कानात वाजलं. यांचा कोन बदलता येतो. म्हणजे तो कुणीतरी ठरवून ठेवला होता. म्हणजे त्या रेघा पूजेच्या नव्हत्या.

 फडकं उचलून बघितलं. त्यावर पांढरं, लाल, पिवळं सगळं एक झालेलं.

ह्यांना फोन लावला. मागं मळणीयंत्राचा एवढा आवाज की मला ओरडावं लागलं, आणि असली गोष्ट ओरडून सांगता येत नाही.

"दोन्ही सारखेच हायत ना?" ते म्हणाले.

"दिसायला सारखेच."

"मग सारखेच बसव की. मधात ठेव, आवळ, देऊन टाक. माझा इथं पट्टा तुटायलाय."

मी दोन्ही मधोमध आवळले. शनिवारी मला जेवण गेलं नाही. शाळेत कोन शिकवायच्या आधीच माझी शाळा सुटली होती, पण यंत्र कळतं. कलल्यावर चाक किती वळावं हे जर त्या कोनावर ठरत असेल, तर चुकीच्या कोनावर उतारानं जाणाऱ्या माणसाचं काय होईल, हे मला न शिकता दिसत होतं. मॅडमना फोन करावा म्हणून चार वेळा मोबाइल हातात घेतला. काय म्हणू? मी तुमच्या सरांची खूण पुसली? जगात परत न मिळणारी वस्तू मी धुऊन वाया घालवली? गावभर होईल. म्हणतील, बाईच्या हातात दुकान दिलं की असंच. मोबाइल खाली ठेवायची. मग स्वतःला समजवायची, त्या शहाण्या आहेत, बसवताना बघतीलच. मग वाटायचं, आणि नाही बघितलं तर?

रविवारी सातला मॅडम आल्या. मी ट्रक त्यांच्याच फडक्यात घट्ट गुंडाळून ठेवले होते. का गुंडाळले ते मला ठाऊक आहे. लिहितानाही लाज वाटते.

"झालं?"

"झालं. बोल्ट सुटला."

"ग्रेट! हातात जादू आहे हो तुमच्या."

"चहा घेता?"

"येताना. ऊन चढायच्या आत चार फेऱ्या मारते." आणि पुडकं पिशवीत टाकून स्कूटीवर गेल्यासुद्धा.

मी दारात उभी राहिले. अप्पा उंबरा धूत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"काय गं माय, थोबाड कामून उतरलंय? माहेराहून काही आलं का?"

"नाही अप्पा."

"मग भूत बघितल्यावानी उभी कामून?"

मी रस्ता ओलांडला आणि सगळं सांगितलं. रडत नव्हते, पण शब्द पुढंमागं होत होते. त्यांना तो खेळ माहीत नव्हता, ट्रक माहीत नव्हते, तरी मधे एकदाही थांबवलं नाही.

"पडंल का ती?"

"बहुतेक नाही पडणार. हळूच जातील आधी…"

"बहुतेक?" अप्पा म्हणाले. "किलोला बहुतेक किलो म्हणून दिलं असतं तर माझ्या बापाला या बाजारानं उभं केलं नसतं. शटर वढ."

"अप्पा, मी काय सांगू त्यांना?"

"मला सांगितलंस तेच. बस मागं."

त्यांची जुनी मोपेड. टेकडीपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, आणि ती गाडी चढाला माणसाच्या चालीनं चढते. मी मागं बसून रस्त्याच्या कडा बघत होते. दूरवर काही काळं दिसलं की हेल्मेट वाटायचं. एकदा ती फाटकी ट्यूब निघाली, एकदा बसलेलं कुत्रं. मनात मी त्यांना किती तऱ्हांनी पडलेलं बघितलं ते सांगत नाही. त्यांच्या घरच्यांचा नंबर कुणाकडं असेल, इथपर्यंत मी पोचले होते. अप्पा समोर बघत गाडी दामटत होते, मधूनच म्हणत होते, "सबूर, माय, सबूर," पण मला वाटतं ते गाडीला म्हणत असावेत.

वळण घेतलं आणि वर, चढाच्या माथ्यावर मॅडम दिसल्या. सुळके मांडून झाले होते. एक पाय फळीवर, दुसरा रस्त्यावर. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज तिथवर पोचणार नव्हता, म्हणून अप्पांचा खांदा हलवला. अप्पांनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. चिरका, लांबलचक आवाज साऱ्या टेकडीवर. मॅडमनी मान वर केली, पाय खाली घेतला, फळी हातात धरली. त्या चालत खाली आल्या तेव्हा चेहरा घाबरलेला होता.

"काय झालं? साहेबांना काही…?"

"नाही," मी म्हणाले. "ते मळण्यात आहेत. मी… तुमच्या पांढऱ्या रेघा मी पुसल्या. पूजेच्या वाटल्या. आणि पुढचा कुठला, मागचा कुठला, मला माहीत नाही. मी अंदाजानं बसवलेत."

त्यांनी फळी उलटी केली. रेघा होत्या तिथं त्यांनी बोट फिरवलं, आधी एका पाटीवर, मग दुसऱ्या.

"मी पण बघितलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "बसवताना फोनवर होते." मग थोड्या वेळानं, "त्या रेघा माझ्या सरांच्या हातच्या होत्या. मी या खेळात नवी होते, तेव्हा त्यांनी माझं वजन, माझं उभं राहणं बघून कोन ठरवून दिला. पुढचा जास्त, मागचा कमी. आकडे मी कधी विचारलेच नाहीत. आता सर या जगात नाहीत, विचारायची सोय राहिली नाही." आणि मग एकदम कडक आवाजात, "पुढं-मागं सारखे ठेवून मी त्या वेगानं गेले असते तर मागची चाकं शेपटासारखी डावी-उजवी आपटली असती. माहितेय तुम्हाला?"

"माहीत होतं," मी म्हणाले. "म्हणून आले."

"शुक्रवारी माहीत होतं की आज?"

"शुक्रवारी."

त्यांनी फळी रस्त्यावर ठेवली. 

अप्पा तोवर रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. "मॅडम," ते म्हणाले, "शिव्या मागून द्या. तिला सवड हाय. आधी ते खोला."

"कशाला?"

"काट्याची दांडी ज्या सुरीवर टेकते ना, तिथं वर्षानुवर्षं बसून बसून जागा चकाकते. काटा कुणी खोलून हालवला तरी जुनी जागा दिसते. मी बापाच्या हाताखाली तेच बघत जन्म घालवला. हे आवळून ठेवत होते ना तुमचे सर? मग आवळल्याची खूण असणारच. रंग पुसता येतो, दाब कसा पुसंल?"

मॅडमनी पिशवीतून पाना काढला. दोन्ही ट्रक फळीवरून निघाले, बोल्ट सुटले, पाट्या कठड्यावर मांडल्या. अप्पांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, पाटी उन्हाकडं वळवली. पुन्हा वळवली. फडक्यानं भिंग पुसलं. पुन्हा.  मग त्यांनी भिंग माझ्याकडं केलं.

"तू बघ."

"मला काय कळतंय अप्पा?"

"कळायचं माझ्याकडं दे. तू दिसंल ते बोल." आणि मॅडमना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "मला दिसंना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. घरीबी ठाऊक न्हाई. बोलू नको."

ओळखीच्या रस्त्यानं ते अंदाजानंच गाडी हाकत आले होते, हे मला तेव्हा कळलं. मी भिंग लावलं. आधी नुसतंच काळं-पांढरं पोहत होतं. कोपर कठड्यावर टेकवलं तेव्हा थांबलं. काळ्या रंगात, खाचेच्या कडेनं, बोल्टाखालच्या वायसरच्या गोलाची बारीक चंद्रकोर होती. घासून रुपेरी झालेली.

"आहे! गोल उमटलाय. या टोकाला."

"खोल की पुसट?"

"खोल."

"एकच?"

"एकच."

मॅडम वाकल्या. "हा कोन जास्तीचा. हा पुढचा."

दुसरी पाटी घेतली. तिच्यावर चंद्रकोरी दोन होत्या, एकमेकींत अडकलेल्या. ते सांगितलं तशी मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "हो. सरांनी मागचा एकदा बदलला होता. पहिल्यांदा मी पडले होते म्हणून."

"कुठल्या बाजूला बदलला?" अप्पा.

"आठवत नाही. खरंच नाही आठवत."

तेवढ्यात वाटलं, इथवर येऊन सगळं गेलं. दोनातली एक. एक त्यांच्या पडण्याची आणि एक न पडण्याची.

अप्पा डोळे मिटून बोलले. "दोन गोल एकमेकांवरून जायलेत ना? जिथं त्यांची गाठ पडती तिथं बघ. कोणाची कड अख्खी हाय, आणि कोणाची कापलेली? अख्खी कड ती नंतरची."

मी बघितलं. पाटी फिरवून बघितलं. उलट्या बाजूनं बघितलं. डाव्या गोलाची कड गाठीवरून सरळ पुढं जात होती. उजव्याची तिथं तुटली होती.

"डावा नंतरचा."

"नक्की?" मॅडमनी विचारलं.

हाच शब्द त्यांनी गुरुवारीही विचारला होता, आणि तेव्हा मी विचार न करता हो म्हटलं होतं. आता तसं म्हटलं नाही. मी पुन्हा भिंग लावलं. तीन वेळा बघितलं. मग म्हणाले, "नक्की."

त्यांनी बोल्ट त्या गोलांवर बरोबर आणून आवळले, चाकं फिरवली, फळीला बसवलं. पहिल्यांदा त्या अगदी खालून, चार पावलं उंचीवरून निघाल्या. मग अर्ध्या उतारावरून. मग फळी काखेत मारून माथ्याकडं चालू लागल्या. मी पाठ फिरवली.

"इकडं बघ," अप्पा म्हणाले.

"नाही बघवत."

"तूच सांगितलंस, तूच बघायचं. मला तर ती पांढरा ठिपका दिसायली. पडली तर कोण सांगणार मला?"

म्हणून मी बघितलं आणि त्यांना सांगत राहिले. निघाल्या. पहिला सुळका. दुसरा. आता वेग आलाय. गुडघे वाकवलेत. चाकांचा आवाज सुरुवातीला खरखर, मग एक लांब शिट्टी व्हावी तसा.  सहावा, सातवा. एक सुळका उडाला. "काय झालं?" अप्पांनी माझा दंड धरला. "सुळका पडला. त्या नाही पडल्या. त्या येतायत." आणि त्या आमच्यासमोरून वाऱ्यासारख्या गेल्या, खाली वळून थांबल्या. हेल्मेट काढलं. मी कठड्यावर बसले.

मॅडम आल्या. "पूर्वीसारखं आहे," म्हणाल्या. मग, "किंचित वेगळं लागतंय. की मलाच तसं वाटतंय, कोण जाणे."

"खूण करून देऊ का?" मी विचारलं. "पंच मारून…"

"नको!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की अप्पा हसले, आणि मग त्यांनाही हसू आलं. मोबाइल काढून त्यांनी चारी बाजूंनी फोटो घेतले. मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी खोलायच्या आधी हे करायचं. आणि नाही कळलं तर त्याच दिवशी फोन करायचा. रात्री बाराला केला तरी चालेल."

पुढच्या वेळी, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या आता आमच्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. चहा मात्र त्या दिवशी प्यायल्या नाहीत. तसंच निघून गेल्या.

स्पर्धेला त्या गेल्या. कितव्या आल्या ते मी विचारलं नाही, परत धड आल्या एवढं बघितलं. अजून दर रविवारी त्या टेकडीवर जातात आणि त्यांची स्कूटी आमच्या दारावरून परत जाईपर्यंत माझ्या हातातलं काम पुढं सरकत नाही. किंचित वेगळं लागतंय, हे वाक्य मला सोडत नाही. दोन चंद्रकोरींतली मी खरी निवडली का, याचा पुरावा माझ्याकडं एवढाच, की त्या रोज उभ्या दिसतात.

ह्यांना पालमहून आल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "मीच म्हटलं ना तुला, मधात ठेव." तेवढ्यावर विषय संपला. दुसऱ्या दिवशी ते अप्पांच्या पाया पडून आले.

अप्पांनी मात्र कुणाला काही सांगितलं नाही. त्यांचं गुपितही मी सांगितलं नाही, पण त्यांच्या मागं लागले आहे. ऑपरेशन करून घ्या म्हटलं की म्हणतात, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली, मग म्हणाले संक्रांत. परवा कुणी नसताना त्यांनी खरं सांगितलं. "माय, डोळ्यात सुरी घालतेत म्हणं. जागेपणी. मला भ्या वाटायलंय." साऱ्या बाजाराला वजनं पडताळून देणारा माणूस, मान खाली घालून हे बोलत होता.

भीती काय असते हे मला कुणी शिकवायला नको. उपाय मला येत नाही, तिच्या शेजारी बसता येतं. एक दिवस मी अप्पांना सकाळच्या एसटीनं परभणीला घेऊन जाणार आहे. कागद मी भरीन, चुकले तर पुन्हा विचारून भरीन. आत नेतील तेव्हा दाराशी बसून राहीन, आणि पट्टी निघाल्यावर दिवसातून जितक्या वेळा सांगतील तितक्या वेळा त्यांच्या डोळ्यात औषध घालीन. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही. पण मी नेणार आहे, हे नक्की.